तीनशे डॉलरच्या पिस्तुलाचा जमाखर्च

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील बंदुकांविषयी आलेला लेख मिरजेहून माझ्या थोरल्या बहिणीने मला पाठवला. टेक्साससारख्या राज्यात पिस्तूल घेणे म्हणजे मंडईतून भाजी आणण्यासारखे आहे, तीनशे डॉलर मोजले की ते खिशात येते, अशा आशयाचे एक वाक्य त्या लेखात होते. त्या वाक्याखाली पेनाने रेघ मारून बहिणीने समासात लिहिले होते, ‘तू घेतलेस की काय?’ मी घेतले आहे. ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात मी २२ वर्षे राहते, नागरिकत्व घेऊन ९ वर्षे झाली आणि लोकांची करविवरणपत्रे भरून देणाऱ्या एका कार्यालयात मी हिशेबाचे काम करते. जानेवारीअखेरपासून १५ एप्रिलपर्यंत रात्री दहाच्या आत आमची सुटका होत नाही, आणि त्या वेळी आवारात बहुधा माझी एकटीचीच गाडी उरलेली असते. दोन हंगामांपूर्वी त्याच आवारात माझ्या एका सहकारी बाईंची पर्स हिसकावली गेली, तेव्हा मी पिस्तूल घ्यायचे ठरवले. तो निर्णय बरोबर होता की चूक, आणि मुळात सामान्य माणसाच्या हाती बंदूक असावी की नसावी, याविषयी मला मत आहे, परंतु तो या पत्राचा विषय नाही. लेखातली किंमत खरी असली तरी ते वाक्य खरे नाही, एवढेच मला दाखवायचे आहे. कारण ते वाचून इकडे शिकायला आलेली आपली मुले आणि काळजीपोटी त्यांना ‘काहीतरी जवळ ठेव’ असे फोनवर सांगणारे आईवडील, दोघेही मोठ्या अडचणीत येऊ शकतात.

किमतीपासूनच सुरुवात करते, कारण पोटासाठी मी तेच काम करते. अंगावर कपड्यांआड बाळगता येईल असे नवे कोरे छोटे पिस्तूल येथे खरोखरच तीनशे डॉलरच्या आसपास मिळते. मूळच्या ब्राझीलच्या टॉरस कंपनीचे जी३सी किंवा रुगरचे एलसीपी ही या किमतीतली दुकानादुकानांतून दिसणारी नावे. ग्लॉक ४३ आणि सिग सॉअरचे पी३६५ ही त्यांच्याहून महाग, पाचशेच्या आगेमागे जाणारी. भारतातल्या वाचकाला हे आकडे अविश्वसनीय वाटणे स्वाभाविक आहे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात होती, आणि तेही आधी शस्त्रपरवाना हाती असेल तरच. येथे मात्र त्या रकमेच्या जेमतेम पाव भागात त्याहून आधुनिक वस्तू मिळते.

ही वस्तू एवढी लहान आणि एवढी स्वस्त कशी झाली, याचा इतिहास लेखात यायला हवा होता, कारण त्यात कारागिरीइतकाच कायद्याचाही हात आहे. १९६८च्या केंद्रीय कायद्याने परदेशातून येणाऱ्या छोट्या पिस्तुलांवर आकाराच्या आणि गुणांकनाच्या अटी घातल्या. त्यामागे स्वस्त खिशातल्या पिस्तुलांचा सुळसुळाट रोखण्याचा हेतू होता. जर्मनीच्या वॉल्थर कंपनीचे प्रसिद्ध पीपीके पिस्तूल या अटींत थोडक्यासाठी बसेना, म्हणून तिने थोडी उंच मूठ जोडून पीपीके/एस हे नवे रूप खास अमेरिकेसाठी काढले. आणि पुष्कळ वर्षांनी, २०१४मध्ये, ग्लॉकने आपले छोटे .३८० बोअरचे पिस्तूल ऑस्ट्रियातून आणण्याऐवजी जॉर्जिया राज्यातच बनवायला घेतले, तेही याच अटींमुळे. दुसरीकडे १९८७मध्ये फ्लोरिडाने पात्र नागरिकाला छुपे शस्त्र बाळगण्याचा परवाना नाकारता येणार नाही असा कायदा केला आणि एकेक राज्य त्या वाटेने गेले. टेक्सासमध्ये त्याला निमित्त झाले ते १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन या गावातल्या एका उपाहारगृहात झालेले हत्याकांड, ज्यात २३ माणसे मारली गेली. त्या वेळी तेथे जेवत असलेल्या सुझाना हप यांचे रिव्हॉल्व्हर तत्कालीन कायद्याप्रमाणे बाहेर गाडीत राहिले होते आणि त्यांचे आईवडील दोघेही त्या गोळीबारात गेले. त्यांनी पुढे जागोजागी साक्षी दिल्या, १९९५मध्ये टेक्सासचा परवाना कायदा झाला आणि नंतर त्या स्वतःच विधिमंडळात निवडून आल्या. परवानेधारक वाढले तसे दिवसभर अंगावर वागवता येईल अशा पिस्तुलाला गिऱ्हाईक मिळाले. त्याच सुमारास, १९९४ ते २००४ या दहा वर्षांत, नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या ठेवायला केंद्रीय मनाई होती. दहाच गोळ्या असतील तर पिस्तूल मोठे कशाला, असा सरळ विचार कारखानदारांनी केला असे येथील जाणकार सांगतात. २००८मध्ये आलेले रुगरचे एलसीपी रिकामे असताना पाव किलोहून किंचित जास्त, २६६ ग्रॅम भरते. २०१८च्या पी३६५ने तर अर्ध्या किलोत ९ मिलिमीटरच्या दहा गोळ्यांचे मॅगझिन बसवले आणि बाकीच्या सगळ्यांना त्याच्यामागे धावावे लागले.

पाव किलोचे पिस्तूल म्हटले की आपल्याला ते सोयीचे वाटते, आणि माझी पहिली फसगत तेथेच झाली. कंपनीचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही, दोष माझ्या निवडीचा होता. दुकानाच्या काचेखाली जे सर्वांत छोटे, सर्वांत हलके आणि सर्वांत स्वस्त .३८० पिस्तूल होते ते मी २६० डॉलरला घेतले, कारण ते माझ्या चष्म्याच्या घरात मावेल असे दिसत होते. चांदमारीच्या ठिकाणी गेल्यावर कळले की गोळीचा धक्का वजनाने शोषला जातो आणि येथे तर वजनच नाही. मुठीवर माझी दोनच बोटे बसत होती, करंगळी हवेत. नेम धरण्यासाठी वर केलेल्या खाचा जिऱ्याएवढ्या. चाप लांब आणि जड, आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला माझ्या सांधे धरलेल्या बोटांना दोन-तीन प्रयत्न लागत. पंचवीस गोळ्यांनंतर तळहात सुजला आणि सात यार्डांवरच्या, म्हणजे आपल्या दिवाणखान्याच्या लांबीएवढ्या अंतरावरच्या, कागदावर माझ्या गोळ्या पंगतीतल्या मिठासारख्या कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरल्या होत्या. शेजारच्या पट्टीत शिकवत असलेले एक निवृत्त पोलीस गृहस्थ बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले की दुकानदार नवशिक्या बायकांच्या हाती नेमके हेच देतात आणि हे तर मुरलेल्या माणसाचे हत्यार आहे. नवशिक्याला थोडे मोठे, थोडे जड द्यावे. मी तीन महिन्यांनी ते पिस्तूल त्याच दुकानात १५० डॉलरला परत दिले. नंतर दोन-चार प्रकारची पिस्तुले तेथेच तासाच्या भाड्याने घेऊन चालवून पाहिली आणि मग ९ मिलिमीटरचे, बारा गोळ्यांचे, संपूर्ण मूठ हातात बसणारे पिस्तूल २९९ डॉलरला घेतले. ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनने २०१८पासून मुद्दाम हलक्या स्प्रिंगची ‘ईझी’ मालिका काढली आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर १०० डॉलर जास्त गेले असते आणि ११० वाचले असते.

आता मंडईतल्या भाजीची गोष्ट. परवानाधारक दुकानात पिस्तूल घेताना ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज भरावा लागतो. त्यात नाव, पत्ता, जन्मस्थान आणि नागरिकत्व लिहून, गुन्हा, अमली पदार्थ, कौटुंबिक हिंसाचार, मनोरुग्णालय अशा एकेक प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर द्यायचे असते, आणि खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. गांजा आपल्या राज्यात कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्याने तो अजूनही बेकायदाच आहे, अशी सूचना अर्जातच छापलेली असते. ती वाचून माझ्यापुढचा एक तरुण अर्ज तसाच टाकून निघून गेलेला मी पाहिला आहे. मग दुकानदार १९९८पासून चालू असलेल्या एफबीआयच्या पडताळणी यंत्रणेत नाव घालतो. बहुतेकांचा निकाल काही मिनिटांत येतो, हे खरे. माझ्या पहिल्या खरेदीला ४० मिनिटे लागली. दुकानातून पिस्तूल घेण्यासाठी केंद्रीय कायद्याने वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि त्या अटीवर न्यायालयांत वाद चालू आहे. शिवाय पिस्तूल आपण राहतो त्याच राज्यात हाती घेता येते. संगणकावरून मागवले तरी ते घरी येत नाही. जवळच्या परवानाधारक दुकानात येते, तेथे हाच अर्ज, हीच पडताळणी आणि वर २५ ते ५० डॉलर हाताळणी. आणखी एक विक्षिप्त गोष्ट सांगण्याचा मोह होतो: प्रत्येक नव्या पिस्तुलामागे कारखानदार १० टक्के अबकारी कर भरतो, आणि १९३७च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. तेव्हा माझ्या पर्सच्या धास्तीने कोठल्या तरी हरणाचे भले झाले आहे.

ज्या भागासाठी हे पत्र लिहायला घेतले तो येथून पुढे आहे, आणि तो अधिक सविस्तर लिहिण्याबद्दल क्षमा असावी. माझा भाचा ऑस्टिनमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. मी पिस्तूल घेतल्याचे कळताच त्याने फोन केला, ‘मावशी, मलाही एक घ्यायचे आहे, तू बरोबर येशील का?’ त्याच्याकडे टेक्सासचा वाहन परवाना आहे, तो कर भरतो, वय २९, एकही गुन्हा नाही. त्याला वाटले की एवढे पुरेसे आहे. ते पुरेसे नाही. तात्पुरत्या व्हिसावर, म्हणजे एफ-१ विद्यार्थी, एच-१बी, एच-४, एल-१ अशा सर्व वर्गांत, या देशात प्रवेश केलेल्या परदेशी व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस विकत घेण्याची तर नाहीच, पण ताब्यात ठेवण्याचीही मनाई आहे. वैध शिकारी परवाना असेल तर एक अपवाद आहे, आणि येथील मुले त्या अपवादाची माहिती एकमेकांना मोठ्या उत्साहाने पुरवतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ज्याचा पुढचा सारा मुक्काम व्हिसाच्या शिक्क्यावर उभा आहे, त्याने स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. कायमच्या वास्तव्याचे ग्रीन कार्ड मिळाल्यावर मात्र नागरिकाप्रमाणेच खरेदी करता येते. पण ग्रीन कार्डधारकाला बंदुकीच्या कायद्याखाली एक शिक्षा झाली तरी त्याला देशाबाहेर काढता येते, हेही स्थलांतर कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. मी नागरिक आहे, म्हणून माझ्यासाठी जी चूक दंडावर निभावेल तीच त्याच्यासाठी परतीचे तिकीट ठरू शकते.

‘मग तुझ्या नावावर घे आणि मला दे,’ असे भाचा म्हणाला. त्याने ते भोळेपणाने म्हटले, पण याला येथे ‘स्ट्रॉ पर्चेस’ असे नाव आहे, आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे. आपण प्रत्यक्ष खरेदीदार आहात काय, हा त्याच अर्जातला एक प्रश्न आहे, आणि दुसऱ्याने दिलेल्या पैशातून त्याच्यासाठी घेताना ‘हो’ लिहिणे हा गुन्हा ठरतो, मग तो दुसरा माणूस स्वतः पात्र का असेना, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अब्रामस्की खटल्यात दिला. २०२२च्या नव्या केंद्रीय कायद्याने ज्याला बंदूक बाळगायची मनाई आहे अशाच्या वतीने खरेदी करणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आपल्या समाजात एकाच्या नावावर दुसऱ्याचे सिमकार्ड, एकाच्या नावावर दुसऱ्याची गाडी हे इतके अंगवळणी पडले आहे की मावशीने भाच्यासाठी पिस्तूल घेतले तर बिघडले कोठे, असे प्रामाणिकपणे वाटू शकते. म्हणून हे ठळकपणे छापावे अशी माझी विनंती आहे.

याहूनही सहज होणारी चूक वेगळीच आहे. वाढदिवस, पदवीदान किंवा भारतातून आलेले मित्र अशा कोणत्याही निमित्ताने मुले चांदमारीच्या केंद्रावर जातात, भाड्याने पिस्तूल घेतात, दहावीस गोळ्या झाडतात आणि हातात पिस्तूल धरलेली छायाचित्रे सगळीकडे टाकतात. त्यांच्या दृष्टीने ती करमणूक आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र तासाभराचा ताबा हाही ताबाच आहे, आणि वर सांगितलेली मनाई त्यालाही लागू होते. केंद्रावरचा नोकर प्रत्येक वेळी व्हिसा विचारतोच असे नाही, आणि तो विचारत नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. आपल्या लेखासोबत ‘अमेरिकेतील मराठी तरुण नेमबाजीचा आनंद घेताना’ अशी ओळ असलेले जे छायाचित्र छापले आहे, त्यातील मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतात. ती मुले कोणत्या व्हिसावर आहेत याची विचारपूस छापण्यापूर्वी झाली असावी, अशी मी आशा करते.

खरेदीनंतर बाळगण्याचा प्रश्न येतो. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील अपात्र नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, हे लेखात बरोबर दिले आहे. तरीही मी ४० डॉलर शुल्क भरून, दिवसभराचा वर्ग करून आणि ५० गोळ्यांची परीक्षा देऊन परवाना काढला. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून झाडलेल्या त्या ५० गोळ्यांना २५० गुण असतात आणि १७५ मिळवावे लागतात. मला २२१ मिळाले, हे बहिणीसाठी लिहिते. परवान्याची गरज काय, असे मला पुष्कळांनी विचारले. एक कारण असे की केंद्रीय कायद्याने शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यास मनाई आहे आणि त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला त्यातून सूट मिळते. माझ्या कार्यालयाच्या रस्त्यावर दोन शाळा आहेत. परवाना असला तरी शाळेच्या इमारतीत, न्यायालयात, मतदान केंद्रात, विमानतळाच्या तपासणीपलीकडे, किंवा ज्या जागेचे निम्म्याहून जास्त उत्पन्न तेथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते आणि दारावर ५१ टक्क्यांची लाल पाटी असते, तेथे पिस्तूल नेता येत नाही. आमच्याकडे गणेशोत्सवाचे कार्यक्रम बहुधा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात, त्यामुळे आरतीला जाताना ते घरच्या तिजोरीत राहते. काही खासगी दुकानांच्या दारांवर, पिस्तूल आत आणू नये असे सांगणाऱ्या, ३०.०६ आणि ३०.०७ अशा क्रमांकांच्या पाट्या असतात. त्या वाचायची सवय लागायला मला सहा महिने लागले.

आणि कपडे! जीन्स, पट्टा आणि सैल सदरा घालणारे पुरुष गृहीत धरूनच हा सगळा व्यापार उभा आहे. सलवारीच्या नाडीला पाऊण किलोचे भरलेले पिस्तूल अडकवून पाहिल्यास त्याचा परिणाम काय होतो, ते सांगण्याची गरज नाही. साडीचा तर प्रश्नच नको. पर्समध्ये ठेवणे सोपे म्हणून मी आधी तेच केले होते. वर्गात शिक्षकांनी ३० डिसेंबर २०१४ची गोष्ट सांगितली: आयडाहो राज्यातल्या हेडन येथे एका मोठ्या दुकानात खरेदी करत असलेल्या आईच्या पर्समधले पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती जागीच गेली. ती पर्स पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेलीच होती. आमच्या घरी शनिवारी नातवंडे येतात, आणि आजीची पर्स म्हणजे गोळ्या-बिस्किटांची जागा हे त्यांना पाठ आहे. त्या दिवसापासून पर्स बंद. आता हंगामात मी कार्यालयात कडक पट्ट्याची पँट घालते आणि चाप पूर्ण झाकणारे घट्ट प्लास्टिकचे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, वापरते. त्याआधी घेतलेले २० डॉलरचे कापडी होल्स्टर चापावर दुमडले जात असे, म्हणून कचऱ्यात गेले.

आता जमाखर्च. विक्रीकरासह पिस्तूल ३२४ डॉलरला पडले. दोन्ही होल्स्टर मिळून ८५, पट्टा ४०, अंगठ्याच्या ठशाने उघडणारी पलंगाजवळची लोखंडी पेटी १३०, जादा मॅगझिन दोन ७०, वर्ग आणि परवाना मिळून १२०. सरावाची ९ मिलिमीटरची ६०० काडतुसे १६८ डॉलरना, आणि प्रत्यक्ष बाळगायची, टोकाला पोकळी असलेली ४० काडतुसे ५० डॉलरना. चांदमारीच्या केंद्राचे १२ वेळचे भाडे २६४. बेरीज १२५१ होते. पहिल्या पिस्तुलात बुडालेले ११० त्यात धरलेले नाहीत, आणि दर महिन्याला एका शनिवारची सकाळ जाते ती तर कोठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणजे ज्या तीनशे डॉलरची बातमी होते, तो एकूण खर्चाचा सुमारे पाव भाग आहे. हा उरलेला पाऊण भाग कोणी टाळू शकत नाही असे नाही. पुष्कळजण टाळतात, पिस्तूल आणून, एक डबी काडतुसे भरून खणात ठेवतात आणि वर्षानुवर्षे हात लावत नाहीत. माझ्या मते ज्याला महिन्यातून एक सकाळ देता येत नाही त्याने ते घेऊ नये, मग ते तीनशेचे असो की फुकट मिळालेले.

त्या खणातल्या पिस्तुलाविषयी एक आकडा लेखात असायला हवा होता. २०२३मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली, आणि त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. चोर, दरोडेखोर, शाळांतले गोळीबार यांच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात. ही निम्म्याहून जास्त मरणे बंद दाराआड होतात. परदेशात एकटी राहणारी, नोकरी गेल्यावर साठ दिवसांत व्हिसाची सोय लावण्याच्या ताणाखाली असलेली आपली मुले मी पाहते, आणि कायद्याने त्यांना मनाई आहे याचे मला या एका कारणासाठी वाईट वाटत नाही. घरात सतरा वर्षांखालील मूल असेल आणि भरलेली बंदूक त्याच्या हाती लागू दिली, तर टेक्सासमध्ये तो पालकाचा गुन्हा ठरतो. ती लोखंडी पेटी मी यासाठी घेतली, आणि तिची जादा किल्ली व काडतुसे कोठे आहेत हे घरात एकाच माणसाला ठाऊक आहे.

प्रवासाबद्दल लिहून थांबते. टेक्सासचा परवाना न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय किंवा कॅलिफोर्निया या राज्यांत चालत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे मोटारीने निघालेल्या माणसाने पिस्तूल आसनाखाली नेले, तर टेक्सासमध्ये जे निर्दोष होते तेच न्यू जर्सीत तुरुंगाचे कारण होते. विमानतळांवर तर विसरभोळेपणाचा कहरच आहे: २०२४मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,६७८ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक भरलेल्या होत्या. पण आपल्या लोकांना बंदुकीपेक्षा काडतूस अधिक नडते. चांदमारीला नेलेली पाठीवरची पिशवी तशीच भारतात नेली जाते, तळाशी एखादे काडतूस राहिलेले असते, येथील तपासणीतून ते कधी निसटते आणि परतीच्या वेळी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या क्ष-किरण यंत्रावर दिसते. मग १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ९ मिलिमीटर हा तर भारतात सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर. जाणीवपूर्वक ताबा नव्हता या कारणाने दिल्ली उच्च न्यायालयाने अशी अनेक प्रकरणे रद्द केलेली आहेत, परंतु तोपर्यंत विमान गेलेले असते, पारपत्र अडकलेले असते आणि वकिलाचे घर चाललेले असते.

गेल्या डिसेंबरात मिरजेला येण्याआधी मी माझी रोजची पर्स झटकली. तिच्यात मी पिस्तूल ठेवणे सोडून वर्ष उलटून गेले होते. आतल्या अस्तराला एक लहानशी उसवण होती, आणि बोट घातले तेव्हा सुट्ट्या नाण्यांबरोबर .३८०चे एक काडतूस हाती आले, पहिल्या पिस्तुलाचे. ती पर्स मी त्याच दिवशी टाकून दिली आणि बहिणीने पाठवलेली शबनम घेऊन विमानात बसले. समासातल्या तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा समोर बसून द्यायला हवे होते. दिले नाही, म्हणून आता आपल्यामार्फत देत आहे.

आपली नम्र,
एक वाचक
ह्यूस्टनजवळ, टेक्सास (मूळ गाव मिरज)